ड्यूकचं हरीण, मामीच्या भावाचा हरभरा

मामांनी फोन हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटोतल्या जनावराबद्दल पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा.

“किलोवर किती भरंल?”

लोणंदच्या गुरुवारच्या बाजारात ज्या माणसानं चाळीस वर्षं शेळ्यामेंढ्यांची दलाली केली, टॉवेलाखाली बोटं दाबून सौदे जुळवले, त्याला दुसरा प्रश्न सुचणं शक्यच नव्हतं. डिसेंबरचा शेवट होता. हळव्या कांद्याच्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या आणि ओसरीवर बसलं तरी नाकात कांदाच जात होता. मी आदल्या दिवशी इंग्लंडहून, बेडफर्डहून आलो होतो. झोपेचं गणित अजून जुळलेलं नव्हतं.

“बारा-तेरा किलो,” मी म्हणालो. “मोठा नर असला तर सतरा-अठरा.”

“म्हंजे पाच-सहा म्हैन्याचं बोकड.” मामांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. “ही पाठ अशी का? आजारी हाय का?”

पाठीला बाक होता खरा. मंटजॅक नावाचं हे हरीण उभं राहिलं की मागचा भाग खांद्यापेक्षा उंच दिसतो आणि मान खाली झुकलेली असते. खांद्याशी उंची जेमतेम दीड फूट. अशा बांध्याचं जनावर काटेरी झुडपाखालून सुरुंगासारख्या वाटा काढत जातं. आपल्याला वाटतं समोर नुसती जाळी आहे, आणि ते तिच्या पोटातून निघून गेलेलं असतं. अंगाचा रंग उन्हाळ्यात तांबूस, थंडीत करडट तपकिरी. हे सगळं मी सांगत होतो तोवर मामा पाठीवरून तोंडाकडे सरकले होते. बाजारातली त्यांची तपासणी याच क्रमानं चालते: पाठ, पाय, मग दात.

“दात दाखव.”

दुसरा फोटो काढला. नराचा, जवळून घेतलेला. वरच्या ओठाखालून दोन्ही बाजूंना एकेक सुळा खाली आलेला.

“ह्यॅ! रवंथ करनाऱ्या जनावराला वरच्या जबड्यात पुढं दातच नसत्यात. ह्येला कुतऱ्यावानी सुळं?”

“नरालाच. शिंगं बोटभर लांब, तीही वर्षाला गळतात. त्यामुळं खरी मारामारी या सुळ्यांनी. म्हाताऱ्या नरांचे कान फाटलेले दिसतात.”

“आन् डोळं किती हायत? चार?”

हा प्रश्न मला फार आवडला. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापाशी दोन मोठी भगदाडं असतात. त्या गंधग्रंथी. जनावर त्या उघडतं, जमिनीला, बुंध्याला घासतं आणि हद्दीची खूण ठेवून जातं. उघडल्या की खरंच वाटतं, आणखी दोन डोळे उघडले. कपाळावर शिंगांच्या बुडापासून नाकाकडे उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा. मादीला शिंगं नाहीत, तिच्या कपाळावर पतंगाच्या आकाराचा काळा डाग.

मामांनी फोन मांडीवर ठेवला. “आरं, ह्ये भेकर हाय. जोर-जांभळीकडं बकरी बगायला जायचो तवा लई येळा बगितलंय. कुतऱ्यागत भुकतंय बग. तू इंग्लंडातनं मला भेकर दावायला आनलंस व्हय?”

भेकराचं ते चुलत भावंड, इतकं मी कबूल केलं. आपलं भेकर थोराड, वीस-पंचवीस किलोचं, जास्त तांबडं. हे चिनी. दिसायला इतकी जवळची ही दोन जनावरं आतून किती लांबची आहेत हे सांगायचा मोह मला कधीच आवरत नाही: चिनी मंटजॅकच्या पेशीत गुणसूत्रं ४६, माणसाइतकीच, आपल्या भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७. सस्तन प्राण्यांत इतकी कमी कुणाचीच नाहीत. मामांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग भावाला काय फरक पडतो का?”

चीनचं जनावर बेडफर्डला कसं आलं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. आणि इथून आमचं वाजायला सुरुवात झाली.

माझ्या घरापासून वीसेक किलोमीटरवर वोबर्न ॲबी म्हणून मोठी जहागीर आहे. तिथला अकरावा ड्यूक, हर्ब्रँड रसेल, तरुणपणी हिंदुस्थानात व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनच्या पदरी अधिकारी होता. परत गेल्यावर त्याला जनावरं जमवायचा छंद लागला. १८९० च्या दशकात त्यानं आधी आपलंच भेकर नेलं होतं. ते टिकलं नाही. मग हे चिनी आणलं. त्याला इंग्रजीत ज्याचं नाव आहे तो जॉन रीव्ह्ज ईस्ट इंडिया कंपनीचा कँटनमधला चहा तपासनीस. वोबर्नच्या बागेतून काही जनावरं निसटली, काही सोडली गेली, आणि पुढं लोकांनी हौसेनं इकडून तिकडं नेऊन सोडली. मोजक्या जनावरांपासून सुरू झालेली ही वंशावळ आज निम्म्या इंग्लंडात पसरली आहे. एरवी हरणाचा एक हंगाम असतो. याला हंगामच नाही. मादी सात महिने गाभण राहते, विते आणि काही दिवसांतच पुन्हा गाभण. वर्षभर कधीही.

“सात म्हैन्याला एक,” मामांनी बोटं मोजली. “शेळीपरीस कमीच की. शेळी दोन-दोन देती.”

“पण शेळीला मामा असतात, बाजार असतो. याला तिथं खाणारं कुणी नाही. लांडगा, अस्वल, लिंक्स, सगळं इंग्लंडनं कधीच संपवलंय. कोल्हा पिलं उचलतो, तेवढंच.”

आणि मग मी माझी बाजू मांडली; ती मी गेली पाच-सहा वर्षं रविवारी सकाळी हातमोजे घालून मांडत आलो आहे. आमच्याकडे जुनी राने आहेत, त्यांत ठराविक वर्षांनी झाडं बुंध्यापासून तोडतात आणि नवे फुटवे येऊ देतात. त्या दाट फुटव्यांत नाइटिंगेल घरटी करतो. हे हरीण नेमके तेच फुटवे खातं. उंच लागले तर कोवळा दांडा छातीनं रेटून वाकवतं आणि शेंडा खातं. वसंतात रानभर निळ्या ब्लूबेल फुलांचा गालिचा असतो, त्याच्या कळ्या आणि पानं खातं. केंब्रिजशरमधल्या मंक्स वुड या रानात तर ब्लूबेलची दशा पाहून अभ्यासकांनी हात टेकले होते. आम्ही स्वयंसेवक एकेका रोपाला प्लॅस्टिकची नळी बसवत बसतो. तरी पुरत नाही. तिथं या हरणाला बंदीचा काळ नाही, बाराही महिने मारता येतं, आणि माझं मत विचाराल तर मारलंच पाहिजे. जनावर गोड दिसतं म्हणून अख्खं रान त्याला देता येणार नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. ते गप्प असले की समजावं, भाव मनात ठरतोय.

“तुज्या रानातलं खाल्लं. बरं. पर जनावर कुनाचं?”

“म्हणजे?”

“म्हंजे धनी कोन? हितं शेळी दुसऱ्याच्या पिकात शिरली तर शेळीला कुनी गोळी घालत न्हाय. कोंडवाड्यात घालत्यात. धनी येतो, दंड भरतो, शेळी सोडवून नेतो. दोष धन्याचा. त्यानं दावं नीट बांधलं न्हाय.”

लहानपणी मी लोणंदचा तो कोंडवाडा पाहिला होता. चार भिंती, एक दार आणि आत दिवसभर ओरडणारी म्हैस. मामांना मी सांगितलं की कोंडवाड्याचा कायदा इंग्रजांनीच आपल्याकडे १८७१ साली केला. त्यात ‘गुरं’ या शब्दात काय काय येतं याची यादी आहे: हत्ती, उंट, म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढरू, कोकरू, शेळी, करडू. हरीण नाही.

“बगा. हत्तीला कोंडवाडा हाय आन् साहेबाच्या हरनाला न्हाय. मंग ड्यूकच्या नावानं दंड फाडा.”

“ड्यूक १९४० साली वारला, मामा.”

“वारस असंल.”

“तिथल्या कायद्यानं रानातलं हरीण कुणाच्याच मालकीचं नसतं. जिवंत आहे तोवर ते कुणाचंच नाही.”

“ही पळवाट झाली,” मामा म्हणाले. “आनताना माजं, पळाल्यावर कुनाचंच न्हाय. माज्याकडनं असं एक बोकड सुटलं असतं तर गावानं मला बाजारात फिरकू दिलं नसतं.”

मी म्हणालो की मालकीचा प्रश्न रानाला कळत नाही. ज्यानं आणलं तो मेला, जनावर राहिलं, आणि फुटवे आज खाल्ले जातात. दंड कुणाच्या नावानं फाडायचा याचा निकाल लागेपर्यंत नाइटिंगेल थांबणार नाही. मामा म्हणाले, नाइटिंगेल थांबत नसेल, पण बिनधन्याचं जनावर मारायचा हक्क तुला कुणी दिला? यावर मी जरा चिडून म्हणालो की चाळीस वर्षं ज्यांनी खाटकाच्या हाती बोकडं दिली त्यांनी मला अहिंसा शिकवू नये.

“दिली की. माजी हुती म्हनून दिली. पैसं घेतलं, वहीत लिवलं. कुनाचं बोकड कुनी कापलं ह्ये उद्या इचारलं तर सांगता येतंय.” आणि मग, मला ठाऊक होतं ते येणार: “आन् तू तरी तिथला कुटं हायस? तुलाबी तिथं बाहेरचाच म्हनत असतील.”

ही तुलना मला आवडत नाही. तिथं काही लोक ती मजेनं करतात, काही मजेनं करत नाहीत, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलतो. माझ्या ऐवजी उत्तर आतून आलं.

“माणूस पिंजऱ्यात घालून नेलेला नसतोय,” मामी म्हणाल्या. “त्यो आपल्या पायानं गेलाय. तिकीट काडून.”

हातात हरभऱ्याच्या ढाळ्यांची जुडी घेऊन त्या बाहेर आल्या, आमच्या मध्ये पेपर पसरला आणि घाटे सोलायला बसल्या. मामींचं माहेर ताकारी स्टेशनला उतरून घाट चढला की देवराष्ट्र्याच्या बाजूला. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून देवराष्ट्रे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सागरेश्वराची देवळं आहेत म्हणून. लोणंदहून मिरजेकडची गाडी धरली की थेट ताकारी. त्यांचा भाऊ आदल्या आठवड्यात येऊन गेला होता.

“दरसालाला पोतंभर ढाळं यायचं,” त्या म्हणाल्या. “ह्या साली एवडीच जुडी. बाकीचं चितळांनी खाल्लं. तुमी दोगं चीनच्या हरनाचं काय घिऊन बसलाय?”

सागरेश्वरची गोष्ट माहीत नसलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. कृष्णाकाठावरचे हे डोंगर एके काळी बोडके होते. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहित्यांनी ते हिरवे करायचा ध्यास घेतला, झाडं लावली, वनखात्याच्या मागं लागले, आणि १९८५ साली इथं अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रात माणसानं लावून उभं केलेलं अभयारण्य म्हणून ते ओळखलं जातं. जंगल लावलं तशी जनावरंही आणली: सांबर, चितळ, काळवीट. भोवती तारेचं कुंपण. वाघ अर्थातच आणला नाही. चितळं वाढली. आत उन्हाळ्यात गवत वाळून जातं. आणि कुंपणाबाहेर, ताकारी उपसा सिंचन योजनेचं पाणी खेळलं तसं, ऊस, द्राक्षं, हरभरा, भाजीपाला बारमाही हिरवा झाला. चितळाला डोळे आहेत.

“कंपौंड हाय की,” मामा म्हणाले.

“हाय. ओढ्याला पूर आला की खालनं माती निगून जाती. एक वाट डुकरं करत्यात, दुसरी पान्यानं हुती. मंग रातच्याला वीस-वीसचा कळप. कोवळा शेंडा तेवडा खात्यात. रोप उबं दिसतंय, पर घाटा धरत न्हाय. दादा म्हाळ्यावर बसतोय, हातात बॅटरी आन् पत्र्याचा डबा. डबा वाजवला की जात्यात, घटकाभरानं परत.”

मी म्हणालो, नुकसानभरपाई मिळते ना? हरणांनी पीक खाल्लं तरी मिळते.

“मिळती. अर्ज करायचा, फोटू काडायचं, वनरक्षक येनार, तलाठी येनार, कृषी सहायक येनार, पंचनामा. त्या दिसापरवंत रोप वाळून जातंय. एकदा दादा म्हनला, ह्या दगदगीपरीस चितळालाच घरी बोलावून वाढावं.”

मामा हसले. मी हसलो नाही, कारण मला वाटलं माझी बाजू आपोआप जिंकली. मी म्हणालो, “बघा मामा. हेच मी सांगतोय. चितळ इथलं, भारतातलं. तरी त्या डोंगरात ते आणलेलंच आहे. जागा मोजकी, खाणारं कुणी नाही, बाहेर हिरवंगार. वोबर्न काय आणि सागरेश्वर काय.” मग मी हवाईची गोष्ट सांगितली: हाँगकाँगहून तिथल्या राजाला, पाचव्या कामेहामेहाला, भेट म्हणून चितळं पाठवली गेली आणि १८६८ साली मोलोकाई बेटावर सोडली. भेट गोड मानून घेतली, आणि तिथले लोक आजही निस्तरताहेत. आपलंच चितळ तिथलं मंटजॅक.

“अंदमानात बी हायत,” मामी म्हणाल्या. “सावरकरांची कोटडी बगाय गेलो न्हवं का आमी, यात्रेच्या गाडीनं? त्या बेटावर, साहेब लोकांची पडकी घरं हायत बगा, तितं चितळं हातातनं खोबरं खात्यात. मीच चारलं.”

ते रॉस बेट. आता त्याला नेताजी सुभाषचंद्र बोसांचं नाव आहे. अंदमानात चितळ इंग्रजांनीच शंभरेक वर्षांपूर्वी नेलं. तिथं वाघ नाही, बिबट्या नाही, आणि चितळ चांगलं पोहतं, त्यामुळं ते एका बेटावरून दुसऱ्यावर गेलं. तिथल्या जंगलात कोवळी रोपं वर येऊ देत नाही म्हणून अभ्यासक त्याच्या नावानं बोटं मोडतात. मामींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आदी सांगायचं. खोबरं दिलं नसतं.”

“तर मग,” मी म्हणालो, “सागरेश्वरात काय करायचं? संख्या कमी करायला नको?”

इथं माझा हिशेब चुकला. मामी घाटे सोलायच्या थांबल्या.

“मारा म्हनलं का मी? राखा म्हनलं. आनलं तुमी, कंपौंड घातलं तुमी, पाटी लावली तुमी. माज्या भावानं काय आनलं? त्यो रातभर बसतोय त्याची मजुरी कोन देतंय? आन् एकादं चितळ हिरीत पडून मेलं, तर बगा कसं सगळं खातं धावत येतंय. मेलं की सरकारचं. जित्तं असताना कुनाचंच न्हाय.”

गंमत अशी की कायद्याच्या भाषेत त्या फारशा चुकत नव्हत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार शिकार झालेला किंवा मृत सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता असते. जिवंत, पिकात उभ्या असलेल्या चितळाबद्दल ते कलम इतकं ठाम बोलत नाही. मी हे बोलून दाखवलं नाही. मामांच्या चेहऱ्यावर कोंडवाडा आधीच उमटला होता.

“आता धरून न्यायला लागल्यात की,” मामा बायकोची समजूत घालत म्हणाले. “चांदोलीला.”

हे खरं आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला खायला हवं म्हणून अलीकडच्या वर्षांत सागरेश्वरची चितळं तिकडं हलवायला सुरुवात झाली. धरायची रीत आफ्रिकेतली, तिला बोमा म्हणतात. रुंद तोंडाची आणि पुढं निमुळती होत जाणारी कापडाची वाट करतात, आत चारापाणी ठेवतात, जनावर हळूहळू सरकत सरकत थेट गाडीत चढतं. कुणी हात लावत नाही, भूल देत नाही. चितळ इतकं भित्रं असतं की नुसत्या झटापटीच्या धसक्यानंही मरतं. मामांना ही रीत मनापासून आवडली. बिथरलेली मेंढरं टेंपोत चढवायला त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याचीच ही थोरली आवृत्ती होती. फक्त एक शंका त्यांनी काढली.

“चांदोलीत आदी चितळं हुती का?”

मी मान हलवली. त्या धो धो पावसाच्या दाट रानात सांबर, गवा, भेकर हे घरचे. चितळाला आवडतं ते गवताळ, मोकळं, कोरडं रान.

“म्हंजे परत तेच. हितनं उचललं, तिथं सोडलं.”

“तिथं वाघ असणार.”

“वाघ बी आननारच हाय म्हनं.” मामांनी घाटा दातांनी फोडला. “समदं आनूनच चाललंय. चालू दे. निदान तितं गिऱ्हाईक तरी हाय.”

मला वाटलं, हा क्षण ड्यूकची दुसरी बाजू मांडायला बरा आहे. कारण तो नुसता उपद्व्यापी माणूस नव्हता. (उपद्व्यापी होताच, अमेरिकेतली करडी खार त्यानंच बागेत सोडली, मित्रांना भेटी दिल्या, आणि तिनं इंग्लंडची तांबडी खार जवळजवळ संपवली.) पण चीनमध्ये मिलू नावाचं एक हरीण होतं. १९०० च्या सुमारास ते चीनमधून पुरतं नाहीसं झालं. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत उरलेली अठरा जनावरं या ड्यूकनं वोबर्नला गोळा केली. जगात आज जेवढे मिलू आहेत ते त्या अठरांचे वंशज. १९८५ साली वोबर्नमधून काही मिलू बीजिंगला परत पाठवले.

“सागरेश्वर झालं तेच वर्ष,” मी म्हणालो.

“ते कशापायी वाचलं? राखलं म्हनून,” मामा ताबडतोब म्हणाले. “त्याला धनी हुता. बाग हुती, कंपौंड हुतं, मानसं हुती. वारला तरी पोरानं राखलं, नातवानं राखलं. त्योच मानूस, तीच बाग. एक राखलं, एक सोडलं. मी दुसरं काय म्हनतोय?”

माझ्याकडे याला चटकन उत्तर नव्हतं. आकड्यांचं उत्तर होतं, पण ते मामांच्या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. मी म्हणालो की मामा, राखणारा नसेल तेव्हाही कुणीतरी निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो घेणाऱ्याचे हात स्वच्छ राहत नाहीत. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मामींनी वर पाहिलं. बायकांना अशा वाक्यांच्या मागं काय असतं ते कसं कळतं कोण जाणे.

“तू मारलंस का कुटलं?”

मी नाही म्हणालो. मग सांगितलं.

गेल्या मे महिन्यात आमच्या मागच्या अंगणात, खोपटामागच्या झुडपाखाली, मुलीला मंटजॅकचं पिल्लू सापडलं. ठिपक्याठिपक्यांचं, सशाहून थोडं मोठं. हलत नव्हतं. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिनं ते टॉवेलात गुंडाळून आणलं, डोळ्यांत पाणी: याची आई हरवली. मी एवढी पुस्तकं वाचलेला माणूस. मला माहीत असायला हवं होतं की मादी पिल्लाला असंच एकटं दडवून चरायला जाते आणि पाजायला परत येते, आणि न हलणं हेच त्या पिल्लाचं कौशल्य आहे. पण त्या वेळी समोर मुलगी रडत होती. मी गाडी काढली आणि जखमी जनावरं सांभाळतात अशा एका ठिकाणी पिल्लू नेलं.

तिथल्या बाईंनी एकच विचारलं: किती वेळ वाट पाहिलीत? मी म्हणालो, पाहिलीच नाही.

मग त्यांनी नियम सांगितला. २०१९ च्या अखेरीपासून तिथं मंटजॅक रानात परत सोडता येत नाही, अगदी सुखरूप असलं तरी. ते परकं, उपद्रवी म्हणून यादीत आहे. एकतर परवाना असलेल्या जागी जन्मभर कोंडून ठेवायचं, नाहीतर झोपवायचं. त्यांच्याकडे जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या विचारून पाहणार होत्या. मी एका कागदावर सही केली. मुलीला सांगितलं की ते मोठ्या बागेत गेलं.

“मंग काय केलं त्येचं?” मामींनी विचारलं.

“मी फोन केला नाही.”

“एकदाबी?”

“नाही.”

मामांनी सालपटं पेपरात गोळा केली. मला वाटलं ते आता म्हणतील, तुझ्याच मतानं झालं, मग वाईट का वाटतंय. तसं ते म्हणाले नाहीत. ते बाजारातल्या आवाजात, कुणाला न दुखवता पण वहीत नोंद करावी तसं म्हणाले, “सही तू केलीस. म्हंजे धनी तूच झालास.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मामी आत जाऊन चहा ठेवून आल्या. मामांना काहीतरी बोलायचं होतं म्हणून त्यांनी विचारलं, ह्ये तिकडलं भुकतंय कसं, आपल्या भेकरागतच का? मी फोनमध्ये शोधलं. माझ्याकडे आवाज साठवलेला होता, खिडकीतून टिपलेला. लावला. एक खरखरीत, कोरडं भुंकणं, मग चार-पाच सेकंदांची शांतता, मग पुन्हा तेच. त्यात चढउतार नसतो. नर भुंकतो, मादीही भुंकते. आवाजावरून सांगता येत नाही.

गल्लीतलं एक कुत्रं उठलं आणि त्याला उत्तर देऊ लागलं. मग दुसरं.

“भेकरच,” मामा म्हणाले. “थोडं बारीक हाय. किती येळ भुकत हुतं?”

“पाऊण तास.”

“कवाचं हाय ह्ये?” मामींनी दारातून विचारलं.

“मे महिन्यातलं. त्याच रात्रीचं.”

कुत्री आता चांगलीच चेकाळली होती. समोरच्या घरातला दिवा लागला आणि कुणीतरी “काय झालं ओ?” म्हणून विचारलं.

“बंद कर ते,” मामी म्हणाल्या.